40 लाखांची जुनी प्लग-इन हायब्रिड : पेट्रोल वाचेल, पण पैसे?

नागपुरातल्या मनीषनगरच्या एका वाचकाचं सविस्तर पत्र आलं आहे. वय 47, बुटीबोरी एमआयडीसीत स्वतःचं फॅब्रिकेशन युनिट, हातात येणारं उत्पन्न महिन्याला सव्वादोन लाख. घरखर्च आणि घराच्या कर्जाचा हप्ता मिळून दीड लाख जातात, 40 हजारांची एसआयपी आहे. म्युच्युअल फंडात 34 लाख, एफडीत 12 लाख. मुलगी बारावीला, पुढच्या वर्षी नीट ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देणार. वडिलांचे गुडघे दुखतात, त्यामुळे 2014 च्या डिझेल सेडानमध्ये बसणं-उठणं त्यांना जड जातं. मुंबईच्या डीलरकडे 2019 ची वोल्वो एक्ससी90 टी8 ही प्लग-इन हायब्रिड, म्हणजे पेट्रोलवर आणि प्लग लावून चार्ज होणाऱ्या बॅटरीवरही चालणारी गाडी, 40 लाखांत मिळते आहे. 20 लाख फंडातून काढायचे आणि 20 लाखांचं जुन्या गाडीचं कर्ज घ्यायचं, असा बेत. "गाडी प्लग-इन हायब्रिड आहे, रोजचं जाणं-येणं विजेवर होईल, पेट्रोलच्या बचतीतून हप्त्याला मोठा हातभार लागेल. घेऊ का?"

तुमचा प्रश्न मी मनापासून वाचला. गाडी उत्तमच आहे. सप्टेंबर 2018 मध्ये टी8 इन्स्क्रिप्शन भारतात आली तेव्हा शोरूम किंमत 96 लाख 65 हजार होती, त्यामुळे आज ती 40 लाखांत दिसली की मन हलणारच. पण तुमच्या घरच्या आकड्यांवर माझं उत्तर 'घेऊ नका' असं आहे. ज्या बचतीच्या भरवशावर तुम्ही निघाला आहात, तिथूनच सुरू करू.

टी8 मध्ये पुढच्या चाकांना दोन लिटरचं पेट्रोल इंजिन आणि मागच्या चाकांना 87 अश्वशक्तीची विजेची मोटर आहे. सीटांच्या मधल्या बोगद्यात सुमारे 10 किलोवॅट-तासांची बॅटरी. एवढ्या बॅटरीवर सव्वादोन टनांहून जड गाडी, एसी लावून, वर्धा रोडच्या ट्रॅफिकमध्ये 25 किलोमीटर चालली तर समाधान माना. कागदावर 40 च्या पुढचा आकडा दिसतो, तो प्रयोगशाळेतला. युरोपीय आयोगाने 2024 च्या अहवालात रस्त्यावरच्या गाड्यांची प्रत्यक्ष नोंद तपासली, तेव्हा प्लग-इन हायब्रिडचं उत्सर्जन जाहीर आकड्याच्या साडेतीन पट निघालं. मोठं कारण हेच की लोक मानतात तितकं त्या चार्ज करत नाहीत आणि विजेवर चालवत नाहीत.

आता तुमचा रोजचा रस्ता. जाऊन-येऊन 60 किलोमीटर, महिन्याला 25 दिवस, म्हणजे 1,500 किलोमीटर. पेट्रोल 104 रुपये लिटर आणि वीज 12 रुपये युनिट धरतो. महावितरणच्या बिलात जास्तीचे युनिट नेहमी तुमच्या सगळ्यात वरच्या स्लॅबमध्ये पडतात, म्हणून सरासरी दर लावला तर फसगत होते. बॅटरीचा थोडा भाग गाडी राखून ठेवते, म्हणून पूर्ण चार्जला भिंतीतून साधारण 9 युनिट लागतील. बॅटरी संपल्यावर ही गाडी लिटरला 10 किलोमीटर देईल असं धरू.

रात्री फक्त घरी चार्ज केली, तर रोजचे 25 किलोमीटर विजेवर आणि 35 पेट्रोलवर. महिन्याचा खर्च : वीज 2,700, पेट्रोल 9,100, एकूण 11,800 रुपये. तुमच्या फॅब्रिकेशन युनिटवरही न चुकता चार्ज केली, तर रोजचे 50 किलोमीटर विजेवर, आणि खर्च 8,000. चार्ज करायचा कंटाळा केला तर 15,600. तुमची आजची डिझेल सेडान लिटरला 15 देत असेल, तर 91 रुपयांच्या डिझेलवर ती महिन्याला 9,100 रुपयांत हेच काम करते आहे.

म्हणजे एकाच ठिकाणी चार्ज केली तर तुमचा इंधनखर्च आजच्यापेक्षा वाढतो. अगदी शिस्तीने दोनदा चार्ज केली तर महिन्याला 1,100 रुपये वाचतात. 20 लाखांच्या कर्जाचा हप्ता, साडेबारा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी, सुमारे 45,000 रुपये बसतो. हातभार म्हणता तो एवढाच.

आणि पुण्याला मुलीच्या कॉलेजची चौकशी करायला समृद्धीवरून निघालात, तर तो महामार्ग सुरू होतो त्या शिवमडक्यापासून थोडं पुढे गेलं की बॅटरी रिकामी. तिथून संभाजीनगरपर्यंत ती जड पेट्रोल गाडीच राहते. वाटेतले फास्ट चार्जर टी8 ला उपयोगाचे नाहीत. ती फक्त एसी चार्जिंगवर, 16 अँपिअरच्या लाइनीवर तीनेक तासांत भरते.

देखभालीबद्दल तुम्ही पत्रात एक ओळ लिहिली आहे : "सर्व्हिसिंग वर्षातून एकदाच आहे." खरी जोखीम इथेच आहे, म्हणून जरा थांबतो. प्लग-इन हायब्रिड म्हणजे दोन गाड्या एका कवचात. टर्बो आणि सुपरचार्जर असलेलं इंजिन, आठ गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये स्टार्टर-जनरेटर, मागे मोटर, शिवाय बॅटरी, इन्व्हर्टर, ऑनबोर्ड चार्जर आणि त्या सगळ्यांना थंड ठेवणारी कूलंटची वेगळी वाट. साध्या पेट्रोल गाडीत जे बिघडतं ते इथे बिघडू शकतं, विजेच्या गाडीत जे बिघडतं तेही.

काही दुखणी या जातीच्या सगळ्याच गाड्यांना असतात. बॅटरी लहान असल्याने ती रोज पूर्ण भरते, पूर्ण रिकामी होते. दोनदा चार्ज केली तर वर्षाला 600 वेळा. मोठ्या बॅटरीच्या विजेच्या गाडीला एवढी चक्रं पुरी करायला कित्येक वर्षं लागतात. म्हणजे बचतीसाठी जी शिस्त हवी, तीच शिस्त बॅटरी झिजवते. इंजिन तुकड्यातुकड्याने, थंड असतानाच चालू-बंद होतं, त्यामुळे ऑइलमध्ये पेट्रोल मिसळतं. किलोमीटर कमी झाले तरी ऑइल वेळेवर बदलावं लागतं. ब्रेकचं बरंच काम मोटर करते, म्हणून पावसाळ्यात डिस्क गंजतात. साधी 12 व्होल्टची बॅटरी उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. कुठे ओल गेली आणि इन्सुलेशनचा दोष दिसला, तर गाडी सुरूच होऊ देत नाही, आणि ते बरोबरही आहे, कारण आत शेकडो व्होल्ट असतात. अशी गाडी गणेशपेठेतला नेहमीचा मेकॅनिक उघडू शकत नाही, उघडूही नये. टोचन करून थेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला.

नागपूरचा उन्हाळा इथे वेगळा धरायला हवा. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, पारा 45 च्या वर जातो, युनिटच्या पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त. बॅटरीला थंड ठेवायला एसीचाच गॅस वापरला जातो, म्हणून एसीची साधी गळतीसुद्धा फक्त गैरसोय राहत नाही. गाडी विजेवर जायचं थांबवू शकते. तापलेल्या उन्हात उभी गाडी लगेच चार्जिंगला लावण्यापेक्षा रात्री लावलेली बरी.

दोष नव्या गाड्यांतही निघतात. 2020 मध्ये फोर्डची कुगा आणि बीएमडब्ल्यूच्या काही प्लग-इन गाड्या बॅटरीतल्या दोषामुळे परत मागवल्या होत्या, आणि दुरुस्ती होईपर्यंत चार्ज करू नका असं मालकांना सांगितलं होतं. वॉरंटीत असलेल्या मालकाला अशा वेळी फक्त वाट पाहावी लागते. अशा गाड्यांच्या बॅटरीची वॉरंटी साधारण आठ वर्षांची धरली, तर 2019 च्या गाडीची 2027 मध्ये संपते. तुमचा कर्जाचा हप्ता त्यानंतरही बरीच वर्षं चालू राहील. बॅटरी, मोटर किंवा इन्व्हर्टर यांपैकी एकाचं बिल काही लाखांचं येऊ शकतं, आणि ते मुलीच्या प्रवेशाच्या महिन्यातही येऊ शकतं.

मला काळजी त्या महिन्याची आहे. 20 लाख काढल्यावर फंडात 14 लाख उरतील. काढलेल्या रकमेत 8 लाख दीर्घ मुदतीचा नफा असेल, तर सव्वा लाख वगळून साडेबारा टक्के कर आणि वर सेस, म्हणजे सुमारे 88 हजार तिथेच गेले. 45,000 चा हप्ता बसवायचा तर महिन्याला उरणारे 35 हजार संपून 40 हजारांच्या एसआयपीलाही कात्री लागणारच. सरकारी कॉलेज मिळालं तर निभावेल. खासगी निघालं, तर या दोन वर्षांत तुमच्याकडे मोकळा पैसा असणं कोणत्याही गाडीपेक्षा मोलाचं आहे.

गाडी युनिटच्या नावावर घेऊन कर वाचवायचा, हेही तुम्ही विचारलंत. साध्या गाडीला 15 टक्के घसारा मिळतो. विजेवर चालणाऱ्या गाडीचा 40 टक्क्यांचा दर पेट्रोल इंजिन असलेल्या गाडीसाठी हिशेबात धरू नका. घरच्या वापराचा हिस्सा वजा होईल तो वेगळा.

मग वडिलांचं काय? त्यांना उंच सीट हवी, रुंद दार हवं, आणि ते रास्तच आहे. तुमचा रोजचा ठरलेला 60 किलोमीटरचा फेरा, घरी पार्किंग, युनिटवर वीज. हे चित्र पूर्ण विजेच्या गाडीचं आहे. 20-22 लाखांच्या आसपासची उंच विजेची गाडी घ्या, विजेच्या एका युनिटला 6 किलोमीटर धरले तर महिन्याला 3,000 रुपयांत काम होईल. जीएसटी 5 टक्के. मोठ्या पेट्रोल आणि हायब्रिड गाड्यांवर सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के आहे. राज्याच्या 2025 च्या धोरणात विजेच्या कारला समृद्धीवर टोलमाफीही आहे. घरी सोळा अँपिअरची वेगळी लाइन, स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग आधी करून घ्या. चार्जर मध्येच बंद पडण्याच्या निम्म्या तक्रारी अर्थिंगच्याच असतात, असं मी ग्राहकांकडून सतत ऐकतो. एफडीतून 8-10 लाख घाला, 12 लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी घेतलंत तर हप्ता 25,000 च्या आत. त्यातले 6,000 डिझेलच्या बचतीतून निघतील. एसआयपी 40 हजारांवरून 30 हजारांवर आणावी लागली तरी चालेल, पण फंडातलं काही विकू नका. डिझेल सेडान लांबच्या प्रवासाला ठेवा, तिचं पासिंग 2029 पर्यंत आहे.

दोन गाड्या नकोच असतील तर इनोव्हा हायक्रॉसची हायब्रिड बघा. प्लगची भानगड नाही, लिटरला 16 धरले तरी महिन्याला 9,750 रुपये, आणि नव्या गाडीच्या बॅटरीला आठ वर्षांची वॉरंटी. किंमत मात्र मी धरलेल्या 20-22 लाखांच्या वर जाते, म्हणून ती दुसऱ्या क्रमांकावर.

एवढं वाचूनही टी8 वरच जीव असेल, तर प्रवेशाचं वर्ष जाऊ द्या आणि मग या अटींवर घ्या. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा बॅटरीच्या तब्येतीचा लेखी अहवाल हवा. गाडी पूर्ण चार्ज करून, दुपारी, एसी लावून, विजेवर किती किलोमीटर जाते ते स्वतः चालवून बघा. 20 च्या खाली गेली तर सोडून द्या. मुंबईची गाडी आहे, तेव्हा पावसाच्या पाण्यात बुडाली होती का हे विम्याच्या दाव्यांच्या नोंदीवरून तपासा. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव भरून वाहिला तेव्हा आपल्याकडच्या किती गाड्या पाण्यात गेल्या आणि पुढे बाहेरगावी विकल्या गेल्या असतील, याचा विचार करा. तिकडूनही तसंच येतं. उरलेली वॉरंटी तुमच्या नावावर होते का, हे लेखी घ्या. दुरुस्तीसाठी 6 लाख लिक्विड फंडात वेगळे ठेवा आणि ते गाडीच्या किमतीतच मोजा, म्हणजे डीलरला 34 लाखांच्या वर बोलू नका. यातली एक जरी गोष्ट डीलर लेखी द्यायला तयार नसेल, तर त्याला टोकन देऊ नका.