तुरुंग नाही, फाशी नाही, मग हद्दपारी एवढी कठोर शिक्षा कशी?

तुमचा प्रश्न रास्त आहे. हद्दपार केलेला माणूस जिवंत असतो, बहुतेक वेळा मोकळा हिंडतो, कधीकधी तर खाऊनपिऊन सुखी असतो. मग मायभूमीतून घालवलं जाणं लोकांना एवढं भयंकर का वाटत आलं, आणि हद्दपारी म्हणजे नेमकं काय? मी कायद्याचा माणूस नाही, इतिहास हौसेने वाचतो. वाचून जे मत बनलंय ते सांगतो.

आधी शब्दांचा घोळ सोडवू, कारण आपण ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. हद्दपार म्हणजे कुणीतरी आखलेल्या हद्दीबाहेर हुकमाने घालवलेला. तडीपार हे त्याचं पोलिसी भावंड. तड म्हणजे काठ (काम 'तडीस नेतो' ती हीच तड). महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली तडीपारी जास्तीत जास्त २ वर्षांची आणि ठरावीक जिल्ह्यांपुरती असते, तिच्यात देश सुटत नाही. परागंदा फारसीतून आला, मूळ अर्थ विखुरलेला. त्याला हुकूम लागत नाही, जीव मुठीत धरून पळालेलाही परागंदाच. देशोधडीला तर कर्जात बुडालेलाही लागतो. वनवासाकडे पुढे येतो.

या सगळ्यांत हद्दपारी वेगळी पडते ती एका गोष्टीमुळे: परत यायचं की नाही हे ठरवणारा दुसराच कुणी असतो. अंतर किती आणि हाल किती, हे नंतरचं. पोटापाण्यासाठी दूर गेलेल्यालाही घरच्या आठवणीने भरून येतं, पण तो तिकीट काढू शकतो. काढत नाही, ती कारणं त्याची त्याच्यापाशी.

रोमन कायद्यात 'पाणी आणि अग्नी यांची मनाई' नावाची शिक्षाच होती. अमक्याला आपल्या हद्दीत कुणी पाणी द्यायचं नाही, विस्तव द्यायचा नाही. त्याला मारायचं नाही, पण इथे जगणं अशक्य करून सोडायचं. वाळीत टाकण्यावर सरकारी शिक्का मारावा तसं. अथेन्सची पद्धत त्यामानाने सौम्य. नागरिक खापरीच्या तुकड्यावर नाव कोरायचे, आणि ज्याचं नाव सर्वांत जास्त तुकड्यांवर निघेल त्याने १० वर्षं शहर सोडायचं. गुन्हा सिद्ध व्हायला नको, मालमत्ताही जप्त होत नसे. सलामिसच्या समुद्रात इराणी आरमाराची धूळधाण करणाऱ्या थेमिस्टोक्लिसला याच खापऱ्यांनी बाहेर काढलं. शेवटी त्याला आसरा दिला तो इराणच्याच सम्राटाने!

त्याच अथेन्समध्ये सत्तरीच्या सॉक्रेटिसला मृत्युदंडाऐवजी हद्दपारी सुचवायची मुभा होती, आणि ती बहुधा मान्य झाली असती. त्याने सुचवली नाही. माझ्याच लोकांना माझं बोलणं सोसवलं नाही, ते परक्यांना काय सोसवणार, असं त्याचं म्हणणं प्लेटोने नोंदवलंय. मरण पत्करणाऱ्याचं हे कारण मला फार नेमकं वाटतं. हद्दपारीत माणूस शाबूत राहतो, पण ज्या जागी त्याच्या शब्दाला वजन असतं ती जागाच त्याच्याकडून काढून घेतली जाते.

इंग्रजांना हे पक्कं ठाऊक होतं. १८५७ च्या उठावानंतर त्यांनी बहादूरशाह जफरला दिल्लीहून रंगूनला नेलं. १८६२ मध्ये तो तिथेच गेला. दफन केलं तेही जागेचा मागमूस राहू नये अशा बेताने. खरी कबर सापडायला १९९१ साल उजाडलं. मग १८८५ मध्ये ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला मंडालेत गादीवरून उतरवलं, आणि आधी मद्रास, मग रत्नागिरी असं आणून ठेवलं. हिंदुस्थानचा बादशहा ब्रह्मदेशात, ब्रह्मदेशाचा राजा हिंदुस्थानात. ज्याच्या नावाने आपल्या मुलखात माणसं उठली असती, त्याला समुद्रापलीकडे नेला की तो नुसता एक म्हातारा.

खरी गंमत (गंमत म्हणवत नाही खरं तर) पुढे आहे. १९०८ मध्ये टिळकांना ६ वर्षांची शिक्षा झाली आणि रवानगी झाली मंडालेच्या तुरुंगात. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा. म्हणजे रत्नागिरीचा माणूस मंडालेत आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत, एकाच वेळी. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला या जोडीत दिसतं. टिळक कैदी होते, कोठडीत होते, पण त्यांच्या शिक्षेला शेवट होता. १९१४ मध्ये ते सुटून आले आणि पुन्हा राजकारणात उतरले. थिबा तुरुंगात नव्हता. त्याला पेन्शन होतं, १९१० मध्ये त्याच्यासाठी टेकडीवर राजवाडा बांधून झाला होता. नव्हती ती मुदत. १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला.

आता माझ्याच व्याख्येला खिंडार पाडणारी माणसं. फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगोला तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत फ्रान्स सोडावं लागलं. १८५९ मध्ये सर्वांना माफी जाहीर झाली, म्हणजे दार उघडलं. हा गेला नाही. राजवट कोसळली तेव्हा, १८७० मध्येच परतला. इटालियन कवी दान्तेला त्याच्या फ्लोरेन्स शहराने १३०२ मध्ये बाहेर काढलं, परत दिसलास तर जिवंत जाळू म्हणून. १३१५ मध्ये माफी देऊ केली, पण दंड भरून चारचौघांत प्रायश्चित्त घ्यायच्या अटीवर. त्याने ती धुडकावली आणि १३२१ मध्ये राव्हेन्नात मेला. हे दोघे परत जाऊ शकत होते. मग हद्दपार म्हणायचं का? मी म्हणेन. दाराला अट घालणारा अजून तोच होता, आणि अट होती मान तुकवून आत येण्याची.

रामाची गोष्ट इथे उलटी पडते. भरत चित्रकूटला येऊन विनवतो, परत चला. नको म्हणतो तो राम. १४ वर्षं ठरलेली आहेत, आणि पित्याचा शब्द पाळायचा हे त्याने स्वतः धरलेलं आहे. पांडवांचंही १२ अधिक १ असं मोजमाप आहे. वनवासात दिवस मोजता येतात, म्हणून त्याला मी हद्दपारी म्हणणार नाही, कष्ट कितीही असोत.

आजचा कायदा थोडक्यात. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं ९ वं कलम मनमानी हद्दपारीला मनाई करतं, आणि १३ वं कलम स्वतःच्या देशात परतण्याचा हक्क देतं. त्याला पळवाट म्हणजे माणसाचं नागरिकत्वच काढून घेणं, मग 'स्वतःचा देश' उरतच नाही. नाझी जर्मनीने ते १९३३ पासून केलं. सोव्हिएत सरकारने १९७४ मध्ये लेखक सोल्झेनित्सिनचं नागरिकत्व काढून त्याला विमानात बसवलं. तो परतला १९९४ मध्ये, आणि तोवर त्याला घालवणारा देशच नकाशावरून गेला होता.

थिबाची राणी सुपयालतही परतली. नवरा गेल्यावर, १९१९ मध्ये इंग्रजांनी तिला ब्रह्मदेशात जाऊ दिलं. ती जिथली राणी होती त्या मंडालेच्या राजवाड्याचं इंग्रजांनी कधीच 'फोर्ट डफरिन' करून टाकलं होतं. ती राहिली रंगूनला, आणि १९२५ मध्ये तिथेच गेली. तिची समाधी त्याच शहरात आहे, जिथे जफर पुरलेला आहे.