११,४०० चं एस्टिमेट, ३,६०० चा मिस्त्री

दारव्हा तालुक्यातून एका वाचकाचा प्रश्न आला आहे. नऊ एकर शेती, सोयाबीन आणि कापूस. २०२२ च्या दसऱ्याला त्यांनी छोटी पेट्रोल गाडी घेतली, ती आता ३१ हजार किलोमीटर फिरली आहे. यवतमाळच्या शोरूमने या वेळच्या सर्व्हिसिंगचं ११,४०० रुपयांचं एस्टिमेट दिलं. दारव्ह्याचा मिस्त्री तेच काम ३,६०० मध्ये करून द्यायला तयार आहे. मेहुणे म्हणतात, "शोरूमवाले निस्ते लुटते, सोडून दे." गाडीला पाच वर्षांपर्यंतची वाढीव वॉरंटी घेतलेली आहे. त्यातच शोरूमने तीन सर्व्हिसिंगचं २१,५०० रुपयांचं पॅकेज पुढे केलं आहे. सोयाबीन घरात आहे, पैसा अजून हातात नाही. काय करावं?

नमस्कार भाऊ. एस्टिमेटचा फोटो पाठवलात हे बरं केलंत, कारण उत्तर त्या कागदातच आहे. आधी सांगून टाकतो: या वर्षी आणि पुढच्या वर्षी शोरूममध्येच जा, पण ११,४०० देऊ नका. ६,००० च्या आसपास काम होईल. पॅकेज घेऊ नका. २०२७ च्या दसऱ्यानंतर खुशाल मिस्त्रीकडे जा.

आता कागद बघू. इंजिन ऑइल १,९००, ऑइल फिल्टर आणि वॉशर १५०, एअर फिल्टर ३५०, एसीचा फिल्टर ४५०, ब्रेक ऑइल ३५०, मजुरी १,९००, चाकांचं अलाइनमेंट-बॅलन्सिंग ९००. हे झाले बरोबर ६,०००, आणि हे गाडीला लागतंच. त्याखाली पाच ओळी आहेत: इंजिन डिकार्बनायझिंग (आत साचलेला कार्बन काढणं) १,४५०, एसी क्लीनिंग १,२५०, गंजरोधक अंडरबॉडी कोटिंग १,६००, इंजेक्टर क्लीनर ६००, आतली सफाई आणि पॉलिश ५००. बेरीज ५,४००.

सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. म्हणजे त्या पाच ओळींना तुमचं एक क्विंटलभर सोयाबीन जातं, तेही हमीभाव हातात पडला तर.

गाडीसोबत मिळालेलं मॅन्युअल काढा. मागच्या पानांवर कुठल्या किलोमीटरला काय बदलायचं, काय तपासायचं याचा तक्ता असतो. तिथे हा पाच ओळींचा मजकूर सापडतो का बघा. वेळेवर ऑइल बदललेल्या, ३१ हजार फिरलेल्या पेट्रोल इंजिनात डिकार्बनायझिंग करण्यासारखं काही साचलेलं नसतं. अंडरबॉडी कोटिंगचं तर मला हसूच आलं. रत्नागिरी-अलिबागच्या खाऱ्या हवेत त्याला काही अर्थ आहे. आपल्याकडे गाडीच्या पोटाला त्रास देते ती काळी माती, आणि ती पावसाळा संपल्यावर प्रेशरच्या पाण्याने नीट धुतली की निघते. मडगार्डच्या आतल्या बाजूला तिचे गोळे चिकटून बसतात, तेवढे बोटाने उकरून काढा. एसी क्लीनिंग मात्र कधीकधी खरंच लागतं: थंडावा कमी झाला किंवा चालू करताच कुबट वास आला तर. तुमच्या पत्रात तशी तक्रार नाही.

हे नाकारायला भांडावं लागत नाही. जॉब कार्डवर, म्हणजे कामांची यादी लिहिलेल्या कागदावर, सही करण्याआधी शोरूमच्या ॲडव्हायझरला सांगायचं, "मॅन्युअलप्रमाणे जेवढं आहे तेवढंच करा, बाकीच्या ओळी काढा आणि नवीन एस्टिमेट द्या." त्यांनाही याची सवय असते. वरून महिन्याचं टार्गेट असतं म्हणून ते लिहितात, ग्राहक नको म्हणाला की खोडतात. दुपारी फोन येईल, "सर, ब्रेक पॅड घासलेत, बदलायचे का?" तेव्हा पॅडचा फोटो मागा आणि जाडी किती मिलीमीटर उरली ते विचारा. तीनच्या आसपास आली असेल तर बदला. सहा-सात असेल तर पुढच्या वर्षी बघू म्हणायचं. आणखी एक, एस्टिमेटवर जीएसटीचा दर बघून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के आहे. त्याआधी बऱ्याच भागांवर २८ होता. जुन्या दराने लावलेली ओळ दिसली तर तिथेच बोट ठेवा.

आता मिस्त्रीचे ३,६००. तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे यात ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, धुलाई आणि मजुरी येते. अलाइनमेंटची मशीन त्याच्याकडे नाही, ते टायरवाल्याकडे करावं लागेल, धरा ६००. एसीचा फिल्टर ३००, ब्रेक ऑइल ३००. म्हणजे तेवढंच काम मिस्त्रीकडे ४,८०० ला पडतं आणि शोरूमला ६,००० ला. शोरूमला तुमच्या गावाहून जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, पाच लिटर पेट्रोल, पाचशे रुपये. तर कागदावर ७,८०० चा दिसणारा फरक प्रत्यक्षात १,७०० चा आहे, वर एक दिवस जातो. तो दिवस वाया जाऊ नये म्हणून यवतमाळचं बँकेचं किंवा खता-औषधाचं काम त्याच दिवसाला जोडा आणि शनिवार टाळा.

हे १,७०० कशासाठी मोजायचे? तुम्ही वाढीव वॉरंटीचे पैसे आधीच भरलेत. ती ऑक्टोबर २०२७ पर्यंत आहे आणि तिच्या अटींत वेळापत्रकाप्रमाणे अधिकृत ठिकाणी सर्व्हिसिंग झाल्याची नोंद मागितली आहे. एसीचा कॉम्प्रेसर गेला तर वीस हजारांच्या घरात खर्च येतो. इलेक्ट्रिक स्टिअरिंगचं काम निघालं तर त्याहून जास्त. आपल्या उन्हाळ्यात, पारा ४५ वर असताना, कॉम्प्रेसरला दोन महिने सुट्टी नसते. दोन सर्व्हिसिंगचे मिळून ३,४०० जास्त देऊन हे छत्र शाबूत राहत असेल तर मी ते देईन.

यावर मेहुणे म्हणतील की बाहेर काम केलं म्हणून कंपनीला वॉरंटी नाकारताच येत नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला होता, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू न देण्यावरून. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, असंही त्या आदेशात होतं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. आज ग्राहक म्हणून तुम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करू शकता, ग्राहक आयोगात जाऊ शकता. पण कॉम्प्रेसर बंद पडलेली गाडी मे महिन्यात दारात उभी करून आयोगाच्या तारखा करायच्या, आणि वाचवायचे किती, तर वर्षाला १,७००. हक्क आहे म्हणून तो या रकमेसाठी वापरून बघावा असं मला वाटत नाही.

एक गोष्ट वॉरंटीतही नाही आणि मिस्त्रीच्याही हातात नाही, ती म्हणजे उंदीर. सोयाबीनची पोती किंवा घरात भरलेला कापूस, आणि शेजारी गाडी उभी असेल तर वायरिंग कुरतडलं जातंच. त्याला वॉरंटी लागू होत नाही. या दोन महिन्यांत गाडी पोत्यांपासून लांब लावा आणि आठवड्यातून एकदा बोनेट उघडून बघा.

पॅकेजचं पत्रक वाचलं. २१,५०० मध्ये तीन सर्व्हिसिंग, म्हणजे एकाला साधारण ७,१७०. त्यात एसी क्लीनिंग आणि पॉलिश आहे, ब्रेक ऑइल आणि अलाइनमेंट नाही. जे लागत नाही ते आत, जे लागतं ते बाहेर. तिसरं सर्व्हिसिंग तर वॉरंटी संपतानाच येतं, म्हणजे जेव्हा तुम्हाला शोरूम सोडायला मोकळीक मिळणार तेव्हाच तुमचे पैसे तिथे अडकलेले. आणि पीक कर्जाच्या खात्यात थोडी रक्कम आहे, त्यातून भरू का, असं विचारलंत, त्याला माझं साफ नाही. ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून ते शून्य टक्क्याने पडतं. मुदत चुकली की सवलत गेली. गाडीच्या पॉलिशसाठी तो धोका कोण घेईल?

आता २०२७ नंतरचं. तुमच्या मिस्त्रीबद्दल माझ्या मनात किंतु नाही, काळजी आहे ती त्याच्या ड्रमची. तालुक्याच्या गॅरेजमध्ये ट्रॅक्टर, पिकअप आणि कार एकाच रांगेत उभ्या असतात आणि कोपऱ्यात १५डब्ल्यू-४० या घट्ट ऑइलचा ड्रम असतो. डिझेलच्या ट्रॅक्टरला ते ठीक. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० लिहिलंय, ते पाण्यासारखं पातळ असतं, आणि आजची छोटी पेट्रोल इंजिनं त्याच हिशेबाने बनवलेली असतात. मिस्त्री म्हणेल, "काही होत नाही भाऊ, घट्टच चांगलं." ऐकू नका. मॅन्युअलमधल्या ग्रेडचा सीलबंद डबा आणि कंपनीचा ऑइल फिल्टर तुम्हीच विकत घेऊन जा, छापील किंमत आणि होलोग्राम बघून. डबा तुमच्या डोळ्यांदेखत फुटला पाहिजे. जुना फिल्टर परत मागून घ्या. मग मिस्त्रीला फक्त मजुरी द्यायची, आणि ती पाडून मागू नका. हात चांगला असेल तर आठशे-हजार रुपये त्याचा हक्क आहे.

लहान गॅरेजचं वर्षाचं काम २० लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटी नोंदणी लागत नाही, त्यामुळे तसं बिल मिळणार नाही. छापील पावतीवर तारीख, किलोमीटर आणि काय-काय बदललं एवढं लिहून घेतलं तरी चालतं. या पावत्या आणि शोरूमची बिलं एका फाइलला लावा. उद्या गाडी विकायची झाली तर घेणारा बहुतेक पंचक्रोशीतलाच असेल, आणि त्याला ही फाइल पुरेशी असते. एखाद्या भागात दोष निघून कंपनीने गाड्या परत बोलावल्या (रिकॉल) तर तो भाग अधिकृत ठिकाणी फुकट बदलून मिळतो. तुम्ही सर्व्हिसिंग कुठे करता याचा त्याच्याशी संबंध नाही.

दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये एक काम तुम्ही स्वतः करू शकता. पांदण रस्त्याने रोज ये-जा आहे म्हणता, तर पाच हजार किलोमीटरला एअर फिल्टर काढून बघा. बहुतेक गाड्यांत क्लिपा उघडल्या की तो हातात येतो. हलकेच आपटून धूळ झाडा, पाण्याने धुऊ नका, कागद असतो तो. घड्यांत काळपट थर बसला असेल तर साडेतीनशेचा नवीन टाका, दसऱ्याची वाट बघत बसू नका.

पैशाची बाजू. सर्व्हिसिंगवर आपण एवढं बोललो, पण वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचं पेट्रोलच पन्नास हजारांवर जातं. चार टायर सतरा हजारांचे, साडेचार-पाच वर्षांत येतील. बॅटरी पाच हजारांची, आपल्या उन्हात तीन-साडेतीन वर्षांत मान टाकते, तुमची आताच त्या वयात आली आहे. विमा नऊ हजार. पेट्रोल सोडून हे सगळं, सर्व्हिसिंग धरून, वर्षावर पसरलं तर साधारण २० हजार होतात. सोयाबीन विकलं जाईल तेव्हा किंवा कापसाचे पहिले पैसे येतील तेव्हा २० हजार वेगळ्या बचत खात्यात टाका आणि त्याचं एटीएम कार्ड घरी ठेवा. या वर्षीचे ६,००० त्यातूनच जातील. सर्व्हिसिंगची तारीख दाराशी आली आहे आणि वॉरंटीत ती चुकवायची नाही, म्हणून तेवढ्यासाठी दोन पोती सोयाबीन आत्ता बाजारात विकावं लागलं तरी विका. बाकीचा माल हमीभाव केंद्रासाठी थांबू द्या.

आणि सप्टेंबर २०२७ ची एक नोंद आजच कॅलेंडरवर करून ठेवा. वॉरंटी संपायच्या महिनाभर आधी गाडी शोरूमला न्यायची. त्याआधी आठ दिवस गाडीचे आवाज ऐका: खड्ड्यात खटखट, स्टिअरिंग वळवताना कुरकुर, एसी चालू केल्यावर घरघर, गिअर अडकणं. जे जाणवेल ते कागदावर लिहून न्या आणि जॉब कार्डवर शब्दशः उतरवून घ्या. त्या तारखेपर्यंत नोंदलेली तक्रार वॉरंटीत बसते, पुढच्या महिन्यात तीच तुमच्या खिशातून जाते.