मशीन काढल्यावर तिच्याशी कशात बोलाल?

रावेरच्या दादांनी विचारलंय : ४ वर्षांच्या कर्णबधिर लेकीचं कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू यावं म्हणून ऑपरेशननं कानात बसवतात ते यंत्र; बाहेरून लावायचा त्याचा भाग म्हणजे मशीन) होऊन ८ महिने झाले. थेरपिस्ट म्हणतात, घरात खुणा बंद करा, नाहीतर ती बोलायचा आळस करेल. पण आजी नातीशी खुणांनीच गप्पा मारते. आजीला थांबवायचं का?

दादा, आजीला अजिबात थांबवू नका. मलाही हेच सांगितलं होतं आणि मी ३ वर्षं ते पाळलं. माझ्या मुलाचं ऑपरेशन तिसऱ्या वर्षी झालं, आता तो १६ चा आहे. अमळनेरचं मे महिन्याचं ऊन, पोरगं माठाकडे बोट दाखवतंय, आणि मी भरलेला ग्लास हातात धरून "आधी बोल, पाणी म्हण" करत उभी. ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

तो ६ वर्षांचा असताना मशीनच्या कॉइलची, म्हणजे डोक्याला चिकटणाऱ्या चकतीची, वायर तुटली. नवी यायला ११ दिवस लागले आणि त्यातच त्याला ताप भरला. पोट दुखतंय की घसा, त्याला सांगता येईना, मला विचारता येईना. तो बरा झाल्यावर आम्ही घरातले सगळे भारतीय सांकेतिक भाषा शिकायला लागलो.

थेरपी आणि मॅपिंग (मशीनचे संकेत मुलाला जुळतील असे लावून घेणं) मात्र सोडू नका, आम्हीही सोडलं नाही. इम्प्लांट थेट श्रवणनसेला विजेचे संकेत देतं. त्या संकेतांचा अर्थ लावायला मेंदूला वेळ लागतो, आणि कुणाला किती जमेल हे आधी सांगता येत नाही. तेवढा काळ लेकरानं भाषेवाचून राहायचं का? शिवाय आंघोळीला, झोपताना मशीन काढावंच लागतं. कानबाईच्या मिरवणुकीत तर मशीन लावूनही माझ्या मुलाला शब्द कळत नाहीत.

आळसाचं म्हणाल, तर ज्यांचे आईवडील कर्णबधिर आहेत आणि ज्यांना घरी आधीपासून सांकेतिक भाषा मिळाली, अशा इम्प्लांटवाल्या मुलांचा अमेरिकेत आणि इराणमध्ये अभ्यास झाला. ती मुलं बोलण्यात मागे पडलेली दिसली नाहीत. आपल्याकडे घरात अहिराणी, शाळेत मराठी. अहिराणीमुळे कुणाची मराठी अडली?

आजीच्या खुणांवर थांबू मात्र नका. सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे, 'कुठे', 'काय' हे प्रश्नाचे शब्द सहसा वाक्याच्या शेवटी येतात. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा १०,००० शब्दांचा कोश व्हिडिओंच्या रूपात फुकट बघायला मिळतो. तरी खरी भाषा कर्णबधिर माणसांच्या सहवासातच येते. जळगाव-भुसावळकडे ओळखी काढा, लेकीला त्यांच्यात खेळू द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सांकेतिक भाषा संवादाचं माध्यम म्हणून धरली आहे, शाळेत कुणी अडवलं तर तेही सांगा.

माझा मुलगा वर्गात मशीन लावून बोलतो. संध्याकाळी कर्णबधिर मित्र आले की काढून डबीत ठेवतो. आधी मी "लाव, लाव" म्हणून मागे लागायचे. आता नाही लागत, त्याचं त्याला कळतं.

पुढच्या सिटिंगला थेरपिस्टना एवढंच विचारा : रात्री मशीन काढल्यावर तिला काही दुखलं, तर ती आम्हाला सांगणार कशी? आणि आज झोपण्याआधी आजीला सोबत घेऊन 'दुखतंय', 'कुठे' आणि 'पाणी' या ३ खुणा शिकून घ्या.