जोडीदार सोडून जाईल या भीतीपोटी माणूस हात उगारतो, हे खरं आहे का?

काही अंशी. लहान मूल आणि आईच्या बंधाबद्दलचा बोल्बी-एन्सवर्थ या मनाच्या अभ्यासकांचा विचार हेझन आणि शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये प्रौढांच्या प्रेमाला लावला. सोडून जाण्याची भीती ज्यांना सतत छळते, त्यांच्यात हिंसा काहीशी जास्त आढळते. पण संबंध माफकच आहे; अशी भीती असणारे बहुतेक जण हात उचलत नाहीत. त्यामुळे ही सबब मान्य करू नका.

ठिणगी बहुधा इथे पडते: एकाला लगेच उत्तर हवं असतं, दुसरा गप्प होतो किंवा खोलीबाहेर जातो. मग फोनवर फोन, दार अडवणं, मनगट धरणं. नुसती भांडणं होत असतील तर ‘अर्ध्या तासाने बोलू’ असं सांगूनच उठा आणि ती वेळ पाळा. न सांगता निघून गेलं की भीती आणखी भडकते.

मारहाण, धमक्या, मोबाइल किंवा पैशांवर ताबा असेल तर मात्र हा उपाय नको. एकत्र समुपदेशनही नको. तिथे बोललेल्याचा सूड घरी निघतो. गळा दाबला असेल तर खूण दिसत नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तातडीला ११२, महिला हेल्पलाइन १८१. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा लिव्ह-इनमधल्या स्त्रीलाही लागू होऊ शकतो.