अक्षर ‘लिहिलेलं’ की ‘काढलेलं’?

एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. शाळेच्या बालमेळाव्याची पत्रिका करणाऱ्याला त्यांना ‘प्लेफुल, हँड-ड्रॉन फॉन्ट वापरा’ हे मराठीत सांगायचंय. ‘हस्तलिखित, खेळकर टंक’ चालेल का?

माझ्या मते नाही. हस्तलिखित म्हटलं की पोथी आठवते, नाहीतर शाळेचं हस्तलिखित मासिक. शिवाय त्यात लिहिणं आहे, आणि इथे कुणी काही लिहिलेलंच नाही. यासाठी मराठीत नेमकं क्रियापद आहे : काढणे. आपण चित्र काढतो, रांगोळी काढतो आणि अक्षरही काढतो. बाई ‘नीट लिही’ म्हणतात तेव्हा शुद्धलेखनही त्यात येतं. ‘अक्षर नीट काढ’ म्हणतात तेव्हा नजर फक्त वळणावर असते. म्हणून सरळ ‘हातानं काढलेल्या अक्षरांचा फॉन्ट’ म्हणा. लांबडं आहे खरं, पण समोरच्याला लगेच कळतं.

फरक पाहायचा तर गूगल फॉन्ट्सवरचे ‘कलम’ आणि ‘मोदक’ शेजारी ठेवा. कलम लिहिलेला आहे, वहीत पेनानं भरभर उतरवलेल्या टिपणासारखा. मोदक मात्र काढलेला. अक्षरं इतकी गुबगुबीत, की ‘ब’च्या पोटातली पोकळी बुजत बुजत नुसती चीर उरलीय. असं कुणी लिहीत नाही! मोदकमध्ये ‘बालमेळावा’ एवढा एकच शब्द मोठ्ठा घ्या. वेळ, ठिकाण, पाहुण्यांची नावं साध्या फॉन्टमध्ये. अख्खा परिच्छेद मोदकमध्ये लावलात तर पालक पत्रिका बाजूला ठेवतील.

‘टंक’ चूक नाही, पण ‘फॉन्ट’ रुळलाय, राहू द्या. गंमत म्हणजे फॉन्टचं मूळ फ्रेंचमधल्या धातू ओतण्याशी आहे. छापखान्यातले खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, ओतीवच असायचे. म्हणजे ‘हँड-ड्रॉन फॉन्ट’ हा हातानं काढलेला ओतीव माल झाला. हा ओतीवपणा अजून पकडता येतो. ‘बाबा’ टाइप करा. हातानं काढलेले दोन ‘बा’ कधी हुबेहूब नसतात. फॉन्टमध्ये पर्यायी रूपं दिलेली नसतील तर दोन्ही एकाच साच्यातले निघतात. शिरोरेषेची तर आणखी पंचाईत. पाटीवर पेंटर ती सगळ्या शब्दावरून एका दमात ओढतो, हवी तशी डुलवतो. फॉन्टमध्ये तिचा तुकडा प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर वेगळा, आणि शेजारच्याशी तो त्याच उंचीवर, त्याच जाडीनं जुळायला हवा. तिचं डुलणं त्या जुळवाजुळवीतच अडकतं.

राहिला ‘खेळकर’. माझ्या कानाला खेळकर माणूस असतो. अक्षर अवखळ बरं वाटतं. ‘बाळबोध’कडे मात्र वळू नका. मोडीच्या जोडीनं देवनागरी चालायची तेव्हा देवनागरीलाच बाळबोध म्हणत. त्या हिशेबानं पत्रिकेसाठी कुठलाही मराठी फॉन्ट निवडलात तरी तो बाळबोधच.