अभ्यासगटाची निमंत्रक झालीस, त्या निमित्ताने

सप्रेम नमस्कार.

शिक्षकांच्या ज्ञानरचनावादाच्या अभ्यासगटाची निमंत्रक म्हणून सगळ्यांनी तुझंच नाव सुचवलं, हे वाचून मनापासून आनंद झाला. तू विचारलं आहेस, ‘आधी कोणाला वाचू, पियाजेला की वायगॉट्स्कीला?’ मूल स्वतःचं ज्ञान स्वतः रचतं, या विचाराचा पाया घालणारे हे दोन मानसशास्त्रज्ञ. दोघांनाही वाच, सावकाश वाच. पण पहिल्या बैठकीला त्यांना बरोबर नेऊ नकोस.

मी ती चूक केली आहे. ‘राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५’ आला, तेव्हा आमच्याकडेही असाच गट उभा राहिला आणि धुरा माझ्याकडे आली. पहिल्याच दिवशी मी दोन तास बोललो. मूल स्वतःचं ज्ञान स्वतः रचतं, हे मी तीस शिक्षकांना समोर ओळीत बसवून सांगितलं. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं, हजेरीपटावर सह्या केल्या आणि एसटी गाठायला निघाले. पुढच्या बैठकीला अकरा जण आले. मला वाटलं, शिक्षकांनाच आस्था नाही. खरं कारण कळायला मला वर्ष लागलं.

ते कळलं एका वहीमुळे. एक बाई तिसरीतल्या मुलीची गणिताची वही घेऊन आल्या होत्या. वजाबाकीची चार उदाहरणं होती: ५२ वजा २७ बरोबर ३५, ६१ वजा ३८ बरोबर ३७, ४० वजा १६ बरोबर ३६, आणि ७८ वजा ३५ बरोबर ४३. तीन चूक, एक बरोबर. ‘हातच्याचं समजलेलं नाही, सराव कमी पडतोय,’ असं कोणीतरी म्हणालं आणि विषय तिथेच संपणार होता. तेवढ्यात मागून एका सरांनी विचारलं, ‘पण पस्तीसच का आले?’ मला उत्तर माहीत होतं. का कोण जाणे, त्या दिवशी मी गप्प बसलो. वही हातोहात फिरली. दहा मिनिटांनी एकीच्या लक्षात आलं, की चारही उदाहरणं त्या मुलीने एकाच नियमाने सोडवली आहेत: वर असो की खाली, प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा. तिच्या नियमात एकही चूक नव्हती. वही आणणाऱ्या बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, ‘वर्गात मीच रोज म्हणते, नेहमी मोठ्यातून लहान जातं.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या मुलीला दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या दिल्या, आणि त्यांतून सत्तावीस काढायला सांगितल्या. तिने एक गठ्ठा सोडला, सत्तावीस बाजूला केल्या आणि उरलेल्या मोजून ‘पंचवीस’ म्हणाली. मग वहीतल्या पस्तीसकडे बघत बसली. बाईंनी तेव्हा तोंडातून शब्द काढला नाही, आणि पुढच्या बैठकीत आम्ही जवळजवळ सगळा वेळ त्यांच्या त्या न बोलण्यावरच बोललो.

निमंत्रक म्हणून तुझं काम हेच आहे. आपल्याला उत्तर येत असतानाही थांबायचं, शिक्षकांना त्यांच्या वाटेने तिथवर येऊ द्यायचं. तू त्यांना जसं वागवशील तसंच ते वर्गात मुलांशी वागतील. मी हे कितीतरी शाळांत पाहिलं आहे.

तुझ्या गटात सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटचा, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेल्या शाळांच्या गटाचा, विषय निघेलच. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी शाळांचं जे काम उभं केलं, त्याबद्दल मला मोठा आदर आहे. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या शासन निर्णयानंतर राज्यभरातले शिक्षक त्या शाळा बघायला गेले. परत आल्यावर अनेक ठिकाणी सगळ्यात आधी काय झालं असेल, तर फरश्या रंगवल्या गेल्या. रंगवलेल्या फरशीचा फोटो काढता येतो, पण शिक्षकांनी आपापसात केलेल्या चर्चेचा काढता येत नाही. फरशीवर अंकांची चौकट आखणं वाईट नाही. पण ती का आखली, हे ज्याला स्वतः शोधावं लागलं नाही, तो शिक्षक तिच्यावर मुलं उभी करून पुन्हा पाढेच म्हणून घेतो. गटातलं कोणी ‘तयार साहित्य द्या’ म्हणालं, तर लगेच देऊ नकोस. त्यांच्या मुलांचं काय अडलंय, ते आधी विचार. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांचं उदाहरण सांग. १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काम करताना त्यांनी माँटेसरींच्या महागड्या साधनांचा हट्ट धरला नाही. खडे, शिंपले, बिया घेतल्या आणि बालवाडीच वारली पाड्यांतल्या अंगणात नेली.

आणखी एक गोष्ट, मनाची तयारी असावी म्हणून. मुलाच्या बाजूने विचार करणाऱ्याची थट्टा होते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘सत्तावीस’बरोबर ‘वीस सात’ असंही दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. विधिमंडळातसुद्धा त्यावर विनोद झाले. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. त्यांचं म्हणणं साधं होतं: मराठीत आपण ‘सत्तावीस’मध्ये आधी सात उच्चारतो आणि लिहितो मात्र आधी दोन, ‘एकोणतीस’मध्ये तर नऊ ऐकूच येत नाही. त्यात सगळी जोडाक्षरं. सहा-सात वर्षांच्या मुलाला हे किती जड जातं ते बघा. जुनी नावं काढलेली नव्हती, फक्त दुसरी वाट शेजारी ठेवली होती. त्यांनी हे न चिडता, पुन्हा पुन्हा समजावलं. तू हवं तर त्या पद्धतीशी असहमत हो. पण गटात हा विषय काढलास, तर आधी शिक्षकांना एखाद्या पहिली-दुसरीच्या मुलाला ‘बावन्न’ लिहायला सांगून यायला सांग. कितीतरी मुलं २५ लिहितात. ते पाहून आलेला माणूस वेगळ्या आवाजात बोलतो.

बाकी बारीकसारीक. बैठक शिक्षकांच्या दरमहाच्या सरकारी शिक्षण परिषदेला जोडून घेऊ नकोस, तिथे सगळ्यांचं लक्ष माहिती भरण्यात असतं. बारा-पंधरा जणांपेक्षा मोठा गट नको. खुर्च्या गोल मांड. इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ असं लिहू नकोस. कोणाचा कोणता प्रश्न सुटला नाही, ते लिही, आणि पुढची बैठक तिथूनच सुरू कर. अधिकारी आले तर त्यांनाही एक वही हातात दे. दोन वर्षांनी निमंत्रकपद दुसऱ्या कोणाला दे, आणि ते कोण, हे आतापासून बघत राहा. मी ते फार उशिरा सोडलं आणि माझ्यानंतर गट सहा महिनेही टिकला नाही. त्याची हळहळ अजून आहे.

पहिल्या बैठकीला प्रत्येकाने एकच वही आणावी, चूक असलेली, मुलाचं नाव झाकलेली. त्या दिवशी काय निघालं ते मला सविस्तर लिही. आणि वह्या त्याच संध्याकाळी परत जातील एवढं बघ, मुलांना दुसऱ्या दिवशी लागतात.

तुझा,
सर