आधी मान, मग मैदान

कोपरखैरण्याच्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते थोडक्यात असं: "मी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी आहे. गाव सातारा जिल्ह्यात. तरुणपणी तालमीत होतो, जत्रेतली मैदानं मारली, पण घरच्या परिस्थितीमुळे सगळं सुटलं. थोरला मुलगा सतरा वर्षांचा, बारावी सायन्सला आहे, दहावीला 78 टक्के. अंगापिंडाने दणकट, उंची सव्वासहा फूट. त्याला टीव्हीवरच्या कुस्तीत, डब्ल्यूडब्ल्यूईत घालायचं मी ठरवलं आहे. जालंधरला खलींची अकादमी आहे, तिथे पाठवतो. बारावी काय, पुढे कधीही देता येईल. सध्या बिल्डिंगच्या गच्चीवर गाद्या टाकून मित्रांबरोबर सराव करतो. दीड महिन्यापूर्वी डोक्यावर आपटला. उजव्या हाताला कधी कधी मुंग्या येतात, पण गावी नेऊन मान बसवून आणली आहे. पैलवानाने दुखतं म्हणायचं नसतं, असं मी त्याला सांगितलं. ती कुस्ती नुरा असते, जिवाला धोका नाही. जालंधरसाठी कागदपत्रं काय लागतील आणि बाहेरून कोणती डिग्री करता येईल, ते सांगावं. माझा चष्मा फुटला आहे, म्हणून पत्र त्याच्याकडूनच लिहून घेतलं."

नमस्कार दादा,

तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मला देता येतील, पण आधी त्यांच्याकडे वळणार नाही. तुमच्या पत्रात एक जागा आहे, तिच्यापुढे मला जाता आलेलं नाही.

दुसऱ्या पानावर तुमचं वाक्य आहे, "उजव्या हाताला कधी कधी मुंग्या येतात." त्यातले 'कधी कधी' हे दोन शब्द एका आडव्या रेघेने खोडले आहेत आणि वर, ओळीत जेमतेम मावेल इतक्या बारीक अक्षरात, 'रोज' लिहिलं आहे. तुम्ही सांगितलंत 'कधी कधी'. त्याने तसं लिहिलं आणि मग खोडलं. चष्मा नसल्यामुळे तुम्हाला ते दिसलं नसणार. शेजारी बसलेल्या बापाला जे सांगता आलं नाही, ते त्याने ठाण्यातल्या, सल्ला देणाऱ्या एका अनोळखी बाईला कळवलं. ते वाचल्यापासून मला टक्केवारीही सुचत नाही आणि जालंधरही.

मी डॉक्टर नाही. पण डोक्यावर पडल्यानंतर दीड महिना रोज हाताला मुंग्या येत असतील, तर मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसेवर किंवा थेट मज्जारज्जूवर दाब असू शकतो, एवढं मला माहीत आहे. उद्या सकाळी त्याला वाशीला महापालिकेच्या रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तिथे "डोक्यावर पडला होता" हे शब्द स्पष्ट सांगा. नुसतं "मान दुखते" म्हणालात तर गोळ्या लिहून मिळतील आणि घरी याल. एक्स-रे, एमआरआय काय लागेल ते डॉक्टर ठरवतील. तोवर गच्ची बंद, जोर-बैठका बंद, मानेचे पूल, म्हणजे डोक्यावर भार घेऊन अंगाची कमान करायचा व्यायाम, बंद. हाताची पकड ढिली पडली, चालताना पाय लटपटले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच कॅज्युअल्टीत न्या.

आणि मान बसवून आणलीत, त्याबद्दल बोलायलाच हवं. गावाकडे हाडवैद्य खांदा बसवतो, मुरगळलेला पाय चोळून देतो, लोकांना बरं वाटतं, हे मी पाहिलं आहे. पण मान ही खांद्यासारखी नसते. आत एखादा मणका चिरलेला असेल किंवा चकती सरकलेली असेल, तर त्या एका झटक्यात होत्याचं नव्हतं होऊ शकतं. न्हाव्याच्या खुर्चीत कडकन मान मोडून घ्यायची सवय असेल तर तीही आजपासून बंद, त्याची आणि तुमचीही.

आता तुमच्या 'नुरा'कडे येते. तालमीत वाढलेला माणूस हा शब्द किती तिरस्काराने उच्चारतो, ते मला ठाऊक आहे. दोघांनी आधी ठरवून खेळलेली कुस्ती, म्हणजे प्रेक्षकाची फसवणूक. आणि ठरवूनच खेळायचं म्हटल्यावर लागणार कसं, असा तुमचा हिशोब आहे. इथे तुम्ही साफ चुकता आहात. त्या कुस्तीत ठरलेला असतो निकाल. पडणं खरंच असतं. त्या आखाड्याखाली लोखंडी तुळया, त्यावर लाकडी फळ्या, वर फोमचा पातळ थर आणि ताणलेलं कापड असतं. तुमची लाल माती ताक, तेल, हळद घालून मऊ केलेली असते, तसं तिथे काही नाही. दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. खऱ्या कुस्तीत तुमचा जीव तुमच्या हातात असतो. समोरचा पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, आला की तुम्ही पाय मागे घेता, वजन टाकता, अंग वळवता. या कुस्तीत तुम्ही स्वतःहून उडी मारून समोरच्याला साथ देता, उलटे लटकता, आणि तुमचं डोकं जमिनीपासून किती अंतरावर थांबेल हे तो ठरवतो. मुरलेल्या पैलवानाला तर इथे जास्त धोका, कारण उचललं की अंग आवळायचं आणि विरोध करायचा, हे त्याच्या हाडात भिनलेलं असतं. हवेत अर्ध्यावर अंग आवळलं की वर धरणाऱ्याची पकड चुकते. मानेच्या ताकदीवरही विसंबू नका. डोकं खाली करून सरळ आपटलं की सगळा भार मणक्यांवर एका रेषेत येतो, तिथे स्नायू कितीही जाड असले तरी मध्ये पडू शकत नाहीत.

तुमच्याच कामातलं सांगते. 50 किलोची गोणी पाठीवर घेताना तुम्ही मान खाली घालून उभे राहता. मागचा गडी गोणी कशी सोडतो, ते तुम्हाला दिसत नाही. त्याने हात एक क्षण आधी काढला तर काय होतं, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. म्हणून नव्या पोराच्या हातून तुम्ही पहिल्या दिवशी गोणी घेत नाही. तुमचा मुलगा मात्र मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलेल्या मित्राच्या मांड्यांमध्ये डोकं देऊन उलटा लटकत होता.

आणि ही चूक फक्त गच्चीवरच्या पोरांकडून होते असं नाही. 1997 च्या ऑगस्टमध्ये याच टीव्हीवरच्या कुस्तीतला नामवंत मल्ल स्टीव्ह ऑस्टिन, त्याला ओवेन हार्टने असंच उलटं धरलं आणि खाली बसला. ऑस्टिनचं डोकं गुडघ्यांच्या खाली राहून गेलं होतं. काही वेळ त्याला हातपाय हलवता येईनात. मानेची शस्त्रक्रिया झाली आणि 2003 मध्ये, ऐन नावारूपाला असताना, तो थांबला. 1999 च्या ऑक्टोबरमध्ये डॅरेन ड्रोझडोव्हला उचलून आपटताना पकड नीट बसली नाही आणि मान मोडली. 2023 मध्ये वारला तोवर तो व्हीलचेअरवर होता. जपानचा मित्सुहारू मिसावा त्या देशातल्या सर्वोत्तम मल्लांपैकी एक. 13 जून 2009 ला हिरोशिमात, आयुष्यात अगणित वेळा झेललेल्या एका डावावर तो पडला आणि त्याच रात्री गेला. वय 46. बिग ई 2022 च्या मार्चमध्ये डोक्यावर पडला, मानेतले दोन मणके मोडले. रुग्णालयातून त्याने चाहत्यांना पहिली बातमी दिली ती 'माझी सगळी बोटं हलतायत' अशी. एवढा धिप्पाड गडी, आणि त्या रात्री आनंद कशाचा, तर बोटं हलण्याचा.

ही सगळी शिकलेली, कसलेली माणसं होती. तरी मला तुमच्या मुलासाठी सगळ्यात जास्त आठवतो तो ख्रिस नोविन्स्की. हार्वर्डसारख्या विद्यापीठातून शिकून तो या कुस्तीत गेला. 2003 मध्ये डोक्याला मार लागला. डोकं दुखायचं, झोप बिघडली, पण जागा जाईल म्हणून त्याने लक्षणं लपवली आणि काही आठवडे लढत राहिला. शेवटी कुस्ती सोडावीच लागली. त्यानंतर त्याने मेंदूच्या दुखापतींवर काम सुरू केलं, 2007 मध्ये त्यासाठी संस्था उभी केली, पुढे डॉक्टरेट मिळवली. लपवलेले आठवडे त्याला महागात पडले हे तो स्वतः सांगत आला आहे. तुमच्याकडे असे आठवडे सहा झाले, आणि तुमचा मुलगा ते तुम्ही सांगितलंत म्हणून लपवतोय.

पैलवानाने दुखतं म्हणायचं नसतं. दादा, हे वाक्य तुमच्या वस्तादांचं असणार, तुम्ही ते इमानाने पुढे दिलंत. पण ज्या कुस्तीत त्याला पाठवायला निघालात, तिथे सुद्धा हे वाक्य चालत नाही आता. 2010 पासून डब्ल्यूडब्ल्यूईत डोक्यात खुर्ची घालायला बंदी आहे. ज्या डावाने ऑस्टिनची मान गेली, तो बहुतेकांना वापरू देत नाहीत. आखाड्याशेजारी डॉक्टर बसलेला असतो. आणि एक खूण असते: कुणाला खरोखर लागलं की पंच दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली करतो. ती दिसली की पडद्यामागच्यांना कळतं, हे नाटकातलं नव्हे. कुस्ती तिथेच थांबवता येते. मैदानभर आरडाओरडा असतानाही तिथे 'लागलं' म्हणायची सोय आहे. तुमच्या घरात ती नाही, म्हणून त्याने पत्रात खाडाखोड केली.

तुम्ही वाईट बाप आहात असं मला म्हणायचं नाही. उलट, माझ्याकडे येणारे बहुतेक आईबाप पोराला मैदानावरून ओढून क्लासला बसवणारे असतात, तुम्ही खेळाला पैसे काढायला तयार आहात. पण दोन पानांत 'मी ठरवलं' तीनदा आलं आहे आणि 'त्याला वाटतं' एकदाही नाही. सुटलेली तालीम तुमची होती. लहानपणी आमच्याकडेही डब्ल्यूडब्ल्यूईच्या मल्लांचे खेळायचे पत्ते होते, उंची, वजन, छाती, दंड असे रकाने छापलेले. तुमच्या पत्रात मुलाची ओळख तशीच आली आहे, वय, टक्के, उंची अशी रकान्यांत. त्याला कोणता विषय आवडतो, तो घरी काय बोलतो, यातलं मला काहीच कळलं नाही.

जालंधरबद्दल एवढंच. अकादमी कुठलीही असो, मानेचा रिपोर्ट स्वच्छ आल्याशिवाय आणि 18 पूर्ण झाल्याशिवाय मी या विषयावर एक अक्षर बोलणार नाही. डब्ल्यूडब्ल्यूईच्या निवडचाचणीलाही 18 च्या आतलं चालत नाही, मग आत्ता घाई कसली? आणि बारावी 'पुढे कधीही' हे डोक्यातून काढा. अमेरिकेत ऑर्लँडोला त्यांचं प्रशिक्षण केंद्र 2013 पासून आहे, तिथे येणाऱ्यांत कॉलेजातून खेळत आलेले कितीतरी. 2021 पासून तर त्यांनी अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंना शिकत असतानाच करारात घ्यायची योजना काढली आहे. शिक्षण सोडून या, असं तिथे कुणी म्हणत नाही. आणखी एक. डब्ल्यूडब्ल्यूईचे मल्ल पगारी नोकर नसतात, स्वतंत्र कंत्राटदार असतात. तुमच्या मागे 1969 चा माथाडी कायदा आहे, बोर्ड आहे, भविष्यनिर्वाह निधी आहे, आणि तो मिळवायला अण्णासाहेब पाटलांसारखी माणसं झिजली. त्या जगात तुमच्या मुलाच्या मागे असं काही नसेल. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळायला हवं.

डिग्रीचं विचारलंत: बायोलॉजी असेल तर नीट परीक्षेतून फिजिओथेरपी, नसेल तर पदवीनंतर बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, किंवा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षक डिप्लोमा. यातलं काय, ते त्याच्याशी बोलल्याशिवाय ठरवायचं नाही.

आणि बाळा, हे पत्र तूच वाचून दाखवत असशील. तुझी दुरुस्ती मला दिसली. मधलं काही गाळू नकोस, मुंग्यांचा भाग तर अजिबात नाही. डॉक्टरांसमोर 'रोज' हाच शब्द वापर, आणि दिवसातून किती वेळा, कोणत्या बोटांत, रात्री जाग येते का, हेही सांग. कुणाला राग आला तर येऊ दे. ज्या मित्राच्या हातून तू पडलास, त्यालाही रिपोर्ट कळव, तोही घाबरलेला असणार. गच्चीवरच्या गाद्या खाली आणून ठेवा.

दादा, तपासणी झाली की येत्या शनिवारी दोघं या. कोपरखैरण्याहून ठाण्याची थेट लोकल आहे. त्याच्याकडे पाठीवर पिशवी देऊ नका, रिपोर्टची फाइल तुम्ही धरा. पहिला अर्धा तास मी त्याच्याशी एकट्याशी बोलेन, तुम्ही बाहेर बसायचं. आणि येण्याआधी चष्मा करून घ्या.